तिसऱ्याच्या नावाने

जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याशी दुकानदार काय बोलतो, ते एकदा शेजारी उभे राहून ऐका. ‘दादा, मागच्या महिन्यातच दिले ना?’ ‘शेठ बाहेरगावी गेले.’ आणि मागणारा वजनदार असला तर, ‘लिहा अकराशे; पण फलकावर नाव नीट येऊ द्या, मागच्या खेपेला आडनाव चुकले होते.’ दुकानाची पायरी उतरल्यावर कार्यकर्ता काय बोलतो, तेही ऐका. ‘पुढच्या वेळी साहेबांना सोबत आणू, मग पाच हजारांच्या खाली बोलणार नाही.’ एकाच्या मनात सुटका, दुसऱ्याच्या मनात डाव. मधल्या काउंटरवर नोटा सरकतात, पावती फाटते, आणि या व्यवहाराला आपण बिनदिक्कत दान म्हणतो, सेवा म्हणतो, समाजकार्य म्हणतो.

या व्यवहारात एक तिसरा माणूस असतो. तो दुकानात नसतो आणि संस्थेच्या बैठकीतही नसतो. सातपुड्याच्या पाड्यावरची पावरा मुलगी, सुट्टीतही घरी जाऊ न शकणारे वसतिगृहातले पोर, तीनचाकीसाठी कचेरीचे उंबरे झिजवणारा अपंग तरुण. त्याच्या नावाने मागितले जाते, त्याच्या नावाने दिले जाते, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. माझा आरोप सरळ आहे. देणारा आणि मागणारा यांनी आज आपसांत संगनमत केले आहे आणि ते या तिसऱ्याच्या विरुद्ध आहे. पैसा एकदा त्याच्या नावाने निघाला की तो शेठचा राहत नाही आणि संस्थेच्या अध्यक्षाचाही होत नाही. तो त्या तिसऱ्याचा असतो. देणारा आणि मागणारा हे दोघेही त्याचे देणेकरी आहेत. ही एक गोष्ट मान्य केली तर आपल्या निम्म्या धर्मादायाला आपल्या डोळ्यांदेखत लाज वाटू लागेल.

खानदेशचा हात कधीच आखडता नव्हता, हे आधी कबूल करू. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. त्यांच्या नावाचे हायस्कूल झाले, १९४५ साली प्रताप कॉलेज झाले. त्याच साली जळगावात मूळजी जेठा कॉलेज सुरू झाले. तेही दात्याचेच नाव लावते. या दोन कॉलेजांतून खानदेशातल्या कितीतरी शेतकऱ्यांची मुले घराण्यातली पहिली पदवीधर झाली. दात्याचे नाव कमानीवर कोरले म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. नाव लावणे हे पाप नव्हे. नाव लावून झाल्यावर आणखी काय विकत घेतले जाते, तिथे पापाला सुरुवात होते.

याच अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहून पांडुरंग सदाशिव साने नावाचा, पुढे साने गुरुजी म्हणून ओळखला गेलेला, कोकणातला तरुण १९२४ साली प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. छात्रालयातल्या मुलांची तो आईसारखी देखभाल करी. शाळा दात्याच्या पैशावर उभी होती आणि गुरुजींची भाकरी त्या शाळेतून येत होती. पण १९३० साली देशाची हाक आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, आणि पुढे खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या बाजूने तोंड उघडताना कोणाच्या उपकारांचा हिशेब मनात आणला नाही. कृतज्ञता होती, ताबेदारी नव्हती. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या नात्यातले पहिले मूल्य हेच, आणि ते खानदेशाला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नव्हती.

आता त्याच गावचे दुसरे पान उलटा. १९४६ साली अमळनेरात आंदोलन करणाऱ्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला. कॉम्रेड श्रीपत पाटील आणि त्यांचे सोबती त्यात मारले गेले. एका बाजूला तत्त्वज्ञान शिकवणारी वास्तू, मुलांना घडवणारी शाळा, नुकतेच उघडलेले कॉलेज; दुसऱ्या बाजूला हक्क मागणाऱ्या मजुराच्या छातीत गोळी. गोळी पोलिसांची होती, तिचे खापर मी कोणा दात्याच्या माथी फोडत नाही. पण एक धडा त्या गावाच्या इतिहासाने लिहून ठेवला आहे. शाळा कितीही चांगली असली तरी मजुरीच्या प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकत नाही. मजुराला जे द्यायचे ते मजुरी म्हणूनच द्यावे लागते. ते अडवून ठेवून त्यातलाच चतकोर पुढे दान म्हणून दिला, तर त्या दानाला मी परतावा म्हणेन, तोही अपुरा.

हे आजच्या खानदेशाला किती लागू आहे, ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी पाहावे. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने घागर भरली जाते, गोडधोड होते, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. दान अक्षय्य राहते म्हणून त्या दिवशी सढळ हाताने देण्याची रीत आहे. आणि त्याच आखाजीला सालदाराचे साल संपते, नव्या सालाचा सौदा ठरतो. वर्षभर मालकाच्या शेतात रात्री-अपरात्री पाणी धरणाऱ्या त्या माणसाच्या हिशेबातून आजारपणाचे दिवस कापले जातात, उचल कापली जाते, बायकोने गोठ्यात केलेल्या कामाची नोंदच नसते. हिशेब संपवून मालक देवळाला देणगी द्यायला निघतो. पितरांची घागर भरली, पण ज्याच्या घामावर पीक आले त्याची घागर कोणी पाहिली? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे नास्तिक म्हणतात. म्हणोत बापडे.

आता देणाऱ्यांना थोडे स्पष्टच विचारू.

तुम्ही देता ते कशासाठी? काहींना कर वाचवायचा असतो. देणगीवर आयकरात सूट मिळू शकते, ती घेणे हा तुमचा हक्क आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण धनादेशाने देणगी द्यायची, संस्थेने आपला टक्का कापून उरलेली रक्कम रोखीने परत करायची, आणि पावती मात्र पूर्ण आकड्याची लावायची, हा धंदा आपल्या व्यापारी पेठांत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल कुजबुज होते, पण त्याने कोणाची पत कमी होत नाही. उलट असा ‘सोयीचा’ ट्रस्ट कुठे आहे, याची चौकशी लग्नाच्या पंगतीत होते. सरकारची फसवणूक झालीच. पण ज्या अनाथांच्या नावाने ती पावती फाडली, त्यांच्या नावावर तुम्ही चोरी केली. अनाथाच्या ताटातले अन्न पळवणाऱ्याला गाव चोपून काढते. त्याच्या नावाची पावती पळवणाऱ्याला गाव प्रमुख पाहुणा करते.

काहींना पाप धुऊन हवे असते. रात्री गिरणेचे किंवा पांझरेचे पात्र उपसून वाळू नेणारा दिवसा नदीकाठच्या गावात पाणपोई बांधून देतो आणि ग्रामस्थ त्याला शाल-श्रीफळ देतात. नदीच कोरडी करणाऱ्याच्या हातून दोन मटक्यांचे पाणी घेताना आपला घसा कोरडा पडत नाही.

काहींना तसबीर हवी असते. दिवाळी आली की जळगाव-धुळ्याहून गाड्या भरून मंडळी सातपुड्याच्या पायथ्याला जातात. चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर फराळाची पाकिटे, जुने कपडे, फुलबाज्या. मुलांना रांगेत उभे करतात, पाकीट हातात दिले की ‘इकडे बघ’ म्हणतात. हेतू बहुतेकांचा वाईट नसतो, हे मला ठाऊक आहे. पण दिवाळी सरते आणि त्याच पाड्यावरची घरे कुलूप लावून ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघून जातात. आईबापांमागे मुलांचीही शाळा सुटते. त्या मुलांना हंगामभर मागे ठेवून घेणारे वसतिगृह चालवायला कोणी पुढे येत नाही, कारण हंगाम सहा महिन्यांचा असतो आणि फराळ एका दुपारचा. २००६ चा वनहक्क कायदा झाला. त्याखाली दावे दाखल करायला, ग्रामसभेचे ठराव लिहायला, नकाशे जोडायला शिकलेल्या माणसांचे हात लागतात. त्या कामाला देणगी मागा. ‘ते राजकारणाचे आहे, आम्ही फक्त समाजकार्याला देतो,’ असे उत्तर येते. म्हणजे आदिवासीला चकली देणे हे समाजकार्य आणि जमीन मिळवून देणे हे राजकारण! हा भेद कोणाच्या सोयीचा आहे, ते सांगायला नको.

आणि जवळजवळ सगळ्यांनाच एक गोष्ट नको असते, ती म्हणजे पगार. ‘आमचा पैसा पगारावर खर्च होऊ नये,’ असे बजावणारे दाते मोठ्या अभिमानाने बोलतात. इमारत द्यायला तयार, संगणक द्यायला तयार, वॉटर कूलर तर हवा तितका. पण मतिमंद मुलाला रोज दात घासायला शिकवणाऱ्या ताईला महिन्याला पोटापुरते देणे त्यांना वायफळ वाटते. मुलाला कूलर घडवत नाही, ताई घडवते. तिला उपाशी ठेवून चालणारी सेवा ही त्या ताईच्या कुटुंबाकडून सक्तीने घेतलेली देणगी आहे आणि तिची पावती कोणी फाडत नाही.

कंपन्यांचेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. ते कायद्याने लावलेले कर्तव्य आहे. तरी ते वाटताना साहेबांचा चेहरा बळीराजासारखा होतो, आणि संस्थेचे लोक केबिनबाहेर दोन-दोन तास बसून असतात.

याउलट एक उदाहरण अमळनेरच्याच मातीला लागून आहे. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तेलाचा कारखाना काढला. त्याचीच पुढे विप्रो झाली. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी मार्च २०१९ मध्ये विप्रोच्या भागभांडवलातला आपल्याकडचा आणखी ३४ टक्के वाटा, म्हणजे त्यावरची सारी मिळकत, आपल्या फाउंडेशनच्या नावे केली. तोवरचे एकूण देणे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर गेले. आकडा मोठा आहे म्हणून मी तो सांगत नाही. मिळकतीचा उगमच त्यांनी कामाच्या स्वाधीन केला, म्हणजे दरवर्षी कोणी दारात येऊन हात पसरायला नको, ही त्यातली गोष्ट आहे. शाळाशिक्षणासारखे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते, तेव्हा त्याला मिळणारा पैसाही पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा हवा, हे त्यांनी ओळखले. अमळनेरात विप्रोचे जुने शेअर जपून ठेवलेल्या घरांच्या श्रीमंतीच्या कथा वर्तमानपत्रे हौसेने छापतात. त्या श्रीमंतीतला किती वाटा गावच्या नगरपालिका शाळेकडे वळला, हा प्रश्न कोणी हौसेने विचारत नाही.

देणाऱ्यांवर एवढे आसूड ओढले म्हणून मागणाऱ्यांनी खूश होऊ नये. त्यांचा हिशेब अधिक लांब आहे.

पहिला गुन्हा दुःखाच्या प्रदर्शनाचा. कार्यक्रमाला दाते जमले की व्यासपीठावर पोरीला उभी करायची आणि तिचा बाप दारू पिऊन कसा मेला, आई कशी सोडून गेली, हे तिच्याच तोंडून सांगायला लावायचे. सभागृहात रुमाल निघतात, मागोमाग पाकिटे निघतात. त्या पोरीला उद्या शाळेत त्याच गावच्या मुलांत बसायचे आहे, याचा विचार कोण करतो? आजवर तिच्याकडून सगळे हिरावले गेले, फक्त तिची कहाणी तिची होती. तीही तुम्ही लिलावात काढली.

दुसरा गुन्हा हिशेबाच्या अंधाराचा. विश्वस्त मंडळात अध्यक्ष, त्यांची पत्नी, मुलगा, जावई आणि एक निरुपद्रवी निवृत्त मुख्याध्यापक. वर्षाकाठी लेखापरीक्षण होते, कागद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात, तिथे गठ्ठ्यावर गठ्ठा चढतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे सक्तीचे केले, पण ज्यांच्या नावाने पैसा आला त्यांना तो वाचून दाखवण्याची लाज मागणाऱ्यांना कोणत्या कायद्याने शिकवावी? कर्मचाऱ्याकडून बारा हजारांच्या पावतीवर सही घेऊन त्याच्या हातावर सात हजार टेकवणाऱ्या संस्था मूल्यशिक्षणाची शिबिरे भरवतात. भिंतीवर गांधी, फुले, आंबेडकर, साने गुरुजी रांगेने टांगलेले असतात. त्यांना बोलता येत असते तर त्यांनी आधी स्वतःला भिंतीवरून उतरवायला सांगितले असते.

तिसरा गुन्हा सर्वांत मोठा. शिक्षणसंस्थांनी देणगीची लाच करून टाकली. १९८७ साली महाराष्ट्राने प्रवेशासाठी देणगी घेण्यावर बंदी घालणारा कायदा केला. तरी प्रवेशाला डोनेशन, शिक्षकाच्या नोकरीला डोनेशन. अनुदानित शाळेत शिक्षक व्हायला बापाने किती एकर विकले, हे खानदेशात कोणत्याही पारावर सांगतात, आवाज न उतरवता सांगतात. पगार शासन देणार, म्हणजे जनता देणार; शिकवणार तो तरुण; आणि लाखो रुपये खिशात घालणार संस्थाचालक, जो स्वतःला शिक्षणमहर्षी म्हणवतो. जमीन विकून वर्गात उभा राहिलेला शिक्षक मुलांना प्रामाणिकपणाचा धडा कोणत्या तोंडाने शिकवील? आणि असे दिवस पाहिलेला समाज, खरोखर गरजू संस्थेचा खरा कार्यकर्ता दारात आला तर त्याच्यावर विश्वास तरी कसा ठेवील? लबाड मागणाऱ्याने फक्त पैसा खाल्लेला नाही. त्याने प्रामाणिक मागणाऱ्याची पत खाल्ली आहे.

विश्वास एकदा पोळला की काय होते, ते जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांच्या बाबतीत भोगले आहे. निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नाचे पैसे ओळखीच्या माणसाच्या शब्दावर ठेवले आणि ठेवी अडकल्या. म्हातारी माणसे पासबुके घेऊन कचेऱ्यांपुढे उपोषणाला बसली. त्यानंतर शेजाऱ्यानेही सहकाराचे नाव काढले की माणसे हात झटकू लागली. धर्मादाय क्षेत्र त्याच वाटेने चालले आहे, आणि तिथे तर ठेवीदाराचा आरडाओरडाही होणार नाही, कारण ज्याचे नुकसान झाले त्या तिसऱ्याला आपले काही बुडाले हेच कळणार नाही.

आणि आपण? ना दाते ना संस्थाचालक, असे म्हणून बाजूला बसलेले आपण सज्जन? गणपती, नवरात्र, जयंत्या आल्या की चौकातली पोरे दुकानापुढे मोटारसायकली आडव्या लावून वर्गणी ‘सांगतात’. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क प्रमाणे वर्गणी जमवायला धर्मादाय कार्यालयाची आधी परवानगी घ्यावी लागते; ती परवानगी पाहायला मागणारा दुकानदार मला दाखवा. भीतीने द्यायचे ते आपण मुकाट्याने देतो आणि प्रेमाने मागायला आलेल्याला चार चकरा मारायला लावतो. गर्जणाऱ्याला अकरा हजार, हात जोडणाऱ्याला एकशे एक. अशा समाजात मागणारा गर्जायला शिकला, तर चूक कोणाची? आपण मागण्याची रीत बिघडवली आणि आता बिघडलेल्यांना नावे ठेवत बसलो आहोत.

नाते वेगळे असू शकते, याचा पुरावा धुळ्याच्या तुरुंगात आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार विनोबा भावे तिथे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. साने गुरुजींनी ते भराभर उतरवून घेतले, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. ऐकणाऱ्या कैद्यांत जमनालाल बजाज होते. देशातल्या मोठ्या दात्यांपैकी एक, आणि विनोबांच्या आश्रमाचा भार उचलणारे. दाता आणि ज्यांच्या कामाला तो देत होता ते कार्यकर्ते एकाच तुरुंगाची भाकरी खात होते. जमनालालजी पैसे देऊन मोकळे झाले नव्हते. सरकारने दिलेली रायबहादुरकी त्यांनी परत केली होती. १९२८ साली वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्यांना खुले केले आणि सनातन्यांचा रोष अंगावर घेतला. ज्या मूल्याला पैसा दिला, त्याच मूल्यासाठी त्यांनी आपली जात, आपली प्रतिष्ठा आणि आपले स्वातंत्र्यही दिले. हरिजन वसतिगृहाला देणगी देणारा, पण आपल्या वाड्याच्या विहिरीवर महाराला चढू न देणारा दाता त्यांच्या रांगेत बसू शकत नाही.

१२ जूनच्या रविवारी विनोबा सतराव्या अध्यायावर बोलले. त्या अध्यायात दानाचे तीन वर्ग सांगितले आहेत : परतफेडीची आशा न धरता योग्य ठिकाणी, योग्य वेळी दिलेले, फळावर डोळा ठेवून कुरकुरत दिलेले, आणि घेणाऱ्याला तुच्छ लेखून दिलेले. हा अध्याय खानदेशात कितीतरी घरांत वाचला जातो. या कसोटीला आपल्या गेल्या वर्षीच्या देणग्या लावून पाहाव्यात, म्हणजे पारायणाचे खरे फळ मिळेल.

मागणाऱ्यांचे आदर्शही लांब शोधायला नकोत. १९०१ साली दक्षिण आफ्रिका सोडताना गांधींना भारतीय समाजाने सोन्याचे दागिने, हिऱ्याच्या वस्तू भेट दिल्या. कस्तुरबांना सोन्याचा हार दिला. कस्तुरबांचा विरोध होता, सुनांसाठी तो हार राहावा असे त्यांना वाटत होते. तरी गांधींनी सारे दागिने विश्वस्तांच्या स्वाधीन करून समाजाच्या कामाला लावले. सार्वजनिक सेवेबद्दल मिळालेली वस्तू सेवकाची होत नाही, एवढाच त्यामागचा नियम. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावात, जैन हिल्सवर २०१२ पासून गांधीतीर्थ उभे आहे; शाळांच्या सहली तिथे जातात. संस्थाचालकांच्याही सहली निघायला हरकत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुष्टिफंड चालवला. घरातल्या बाईने दळणा-कांडणातून मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढायचे. त्या मुठीने वसतिगृहाची चूल पेटलीच, शिवाय ती शाळा त्या बाईची झाली. तिला तिथे जाऊन ‘माझे धान्य कुठे गेले?’ असे विचारण्याचा अधिकार मिळाला. खानदेशाला ही मूठ परकी नाही. कानबाई देवीच्या रोटाला भाऊबंद घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ धान्य काढतात. तिथे श्रीमंताची मूठ मोठी आणि गरिबाची लहान, असा भेद नसतो. हाच नियम गावच्या शाळेला, दवाखान्याला लावायचा झाला की मात्र आपल्याला एक धनाढ्य शोधावासा वाटतो. कारण धनाढ्याने दिले की आपल्याला द्यावे लागत नाही आणि विचारावेही लागत नाही.

डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तेव्हा त्यांनी एक पायंडा पाडला. कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, पैसा जमवला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन दिले. पैसा कार्यकर्त्याच्या पोटासाठी, तोही उपकार म्हणून नव्हे, समाजाने मानलेले ऋण म्हणून. पगार हा शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्या दात्यांनी त्या निधीचा धडा गिरवावा.

तेव्हा नुसती हळहळ पुरे. देणाऱ्या-मागणाऱ्यांचे नाते मूल्यांवर उभे करायचे असेल तर काही गोष्टी आजपासून पाळाव्या लागतील.

आधी मजुरी, मग दान. ज्याच्या दुकानात, जिनिंगमध्ये, शेतात किमान वेतन मिळत नाही, त्याची देणगी संस्थेने घेऊ नये. प्रत्येक संस्थेने कोणाचे घेणार नाही, याची यादी लिहून दारावर लावावी. वाळूवाला, दारूवाला, सावकार. आणि दाते कितीही रुसले तरी ती खोडू नये. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला मागण्याचा अधिकार नाही.

हिशेब मराठीत लिहावा आणि ज्यांच्या नावाने पैसा आला त्यांच्यापुढे, पाड्यावर, वस्तीवर, वसतिगृहाच्या अंगणात मोठ्याने वाचावा. किती आले, कोणाकडून आले, पगारावर किती गेले, आणि ठरवलेले काय जमले नाही, हेही. अपयश लपवणाऱ्या संस्थेला यश मिळाले तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा? विश्वस्त मंडळात त्या तिसऱ्याला बसवावे : वसतिगृहातून शिकून गेलेली मुलगी, अपंग तरुण, पाड्यावरचा कारभारी. शोभेला नव्हे, धनादेशावर सही करायला.

लहान मुलाच्या हाती वस्तू देतानाची तसबीर काढू नये, मागू नये, छापू नये. दात्याला पुरावा हवा असेल तर त्याने येऊन एक दिवस मुलांबरोबर जेवावे. देणाऱ्याने एका दुपारचे देण्यापेक्षा सलग तीन वर्षांचे द्यावे, त्यात पगार धरून द्यावे, आणि दिल्यावर प्रश्न विचारावेत. मात्र ते मुलांविषयी असावेत, फलकाविषयी नव्हेत. आणि प्रश्न विचारणाऱ्या दात्याला संस्थेने वैरी समजू नये. न विचारता देणारा दाता संस्थेला सर्वांत महाग पडतो, कारण तो तिला हळूहळू बेफिकीर करतो.

यावर दोन्हीकडून एकच उत्तर येईल, ते मला पाठ आहे : ‘असे केले तर पैसाच मिळणार नाही, संस्था बंद पडतील.’ पडू द्या. जी संस्था अनाथाच्या नावावर खोटी पावती फाडल्याशिवाय जगू शकत नाही, ती बंद पडल्याने अनाथाचे काय बिघडेल? उलट त्या जागी एखादा खरा कार्यकर्ता उभा राहील आणि त्याला वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या पापाचा जाब द्यावा लागणार नाही. आणि ज्या दात्याला नाव, तसबीर, कर आणि पुण्य यांपैकी काहीच मिळणार नसेल तर देता येत नाही, त्याने देऊच नये. त्याने आपल्या सालदाराचा, हमालाचा, मोलकरणीचा हिशेब आखाजीला चोख करावा, आजारपणाचे दिवस न कापता. खानदेशाच्या गरिबांना त्याच्या देणगीपेक्षा त्या हिशेबाची गरज अधिक आहे.